चाळलेली माती

"मार सूर," मुलाणी बाई तिसऱ्यांदा ओरडल्या आणि तिसऱ्यांदा मी खांबापाशी जाऊन उभी राहिले.

उभी म्हणजे अगदी देवळासमोर राहावं तशी. जिला बाद करायचं होतं ती बेबी माने आरामात वळसा घालून पलीकडे गेली आणि तिथून माझ्याकडे बघून दात काढायला लागली. मधल्या पाटीत ओळीनं बसलेल्या पोरींनी कपाळाला हात लावला. बाईंनी तोंडातली शिट्टी काढली, ओढणीला पुसली आणि मला बाजूला बोलावलं.

पळण्यात शाळेत माझा हात धरणारं कोणी नव्हतं, हे मी सांगायला नको, विट्यात कोणीही सांगेल. पण खो-खोत नुसतं पळून भागत नाही. पुढची पोरगी खांबाला वळसा घालून सटकायला लागली की मागचीनं अंग झोकून द्यायचं, छातीवर आडवं पडायचं आणि पडता पडता बोटं तिच्या पायाला लावायची. त्यालाच सूर म्हणतात. मला पळता येत होतं, हुलकावणी देता येत होती, पाठलाग करून एखादीला रडवताही येत होतं. पडता मात्र येत नव्हतं.

"हे बघ वैजयंता," बाई म्हणाल्या, "तालुका तुझ्या पायांवर निघाला. जिल्ह्याला तेवढ्यावर निभायचं न्हाई. सांगलीच्या पोरी खांबावरच खेळतात. घट बसायच्या आत सूर आला तर तू संघात. न्हाई तर तुझ्या जागी बेबी. मला वाईट वाटंल, पण मी बेबीला घेणार."

मी मान हलवली. बाई जाता जाता थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तू पळतीस खांबाकडं, पण बघतीस कुठं, तुझं तुला कळतंय का?"

मला कळत होतं. मैदानाच्या कडेला कडुलिंबाचा कट्टा होता आणि त्या कट्ट्यावर मांडीवर कापसाचं पुडकं आणि मलमाची डबी घेऊन माझे वडील बसलेले होते.

आमच्या घरात पडायला बंदी होती. हे मी गमतीनं म्हणत नाही. तांब्या काठोकाठ भरायचा नाही. हातात काही असेल तर बोलायचं नाही. उंबरा ओलांडताना खाली बघायचं. आई चुलीवरून दूध उतरवायला लागली की दादा श्वास धरून दारात उभे. दादा म्हणजे वडील, आमच्याकडे वडिलांना दादाच म्हणतात. स्वयंपाकघरात साधा चमचा पडला तरी ते बाहेरच्या खोलीतून "कोण पडलं?" असं विचारत धावत यायचे. काय पडलं, असं त्यांनी कधीच विचारलं नाही. मी आणि माझा धाकटा भाऊ चेष्टेनं म्हणायचो, "चमचा पडलाय दादा, त्याला लागलेलं न्हाई."

त्यांचं सोनं-चांदी गाळायचं दुकान होतं. जुने दागिने वितळवून त्यातलं सोनं वेगळं करायचं, ही गलाई. आमच्या भागातली निम्मी घरं या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. दादांना त्यांच्या मामांनी लहानपणीच सेलमला नेलं होतं. तिथं भट्टीपुढंच त्यांना मिसरूड फुटलं, ते तमिळ शिकले, लग्नाच्या वेळी गावाकडं परतले आणि बाजारपेठेत स्वतःचं दुकान टाकलं. त्या दुकानात आम्हा भावंडांना पाय ठेवायला मनाई होती. शेजारपाजारचे गलाईवाले आपली पोरं संध्याकाळी भट्टीवर बसवायचे. दादा म्हणायचे, शाळा सुटल्यावर पोरानं शिकावं.

आणि ते शिकवायचे. शाळा सुटल्यावर बसून करायच्या जेवढ्या म्हणून गोष्टी विट्यात शिकवल्या जात होत्या, त्या सगळ्या मी शिकले. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, हिंदीच्या दिल्या, पेटीवर दोन राग बडवले, टाइपरायटरवर बोटं मोडून घेतली. कशालाही ते नाही म्हणाले नाहीत. मी आणखी एखादा क्लास काढला असता तर तिथंही त्यांनी नाव घातलं असतं. फक्त बसायला खुर्ची किंवा सतरंजी हवी.

आईचं सगळं उलटं. ती आटपाडीकडच्या वस्तीवर वाढलेली. शाळेतून आलं की दप्तर फेकायचं आणि शेरडांमागं जायचं. चिंचेवर चढायचं, विहिरीत उड्या घ्यायच्या, अंधार पडला की घरी यायचं. सात भावंडांत एक कमी असलं तरी जेवायला बसेपर्यंत कोणाच्या लक्षात यायचं नाही, असं ती अभिमानानं सांगायची. माझ्या पेटीच्या क्लासकडे ती पाहुण्याकडे बघावं तसं बघायची, आदरानं पण लांबून.

त्या वर्षी सेलमचे मामा आजारी पडले म्हणून दादा महिनाभर तिकडं गेले. तेवढ्यात मुलाणी बाई घरी येऊन आईला म्हणाल्या, पोरीचे पाय सोन्याचे आहेत, मला द्या. आईनं एका शब्दात मला देऊन टाकलं. दादा परत आले तेव्हा आम्ही तालुका जिंकलेला होता आणि माझे दोन्ही गुडघे सोललेले होते.

मला वाटलं, आता खेळ बंद. पण दादांनी आवाज चढवला नाही. गुडघ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी, सख्ख्या भाच्याच्या लग्नालाही अर्धा दिवसच बंद ठेवलेलं दुकान त्यांनी दुपारीच बंद केलं आणि कापूस घेऊन मैदानावर हजर झाले. मग रोजच. पोरी मला म्हणायच्या, आला बघ तुझा दवाखाना. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या संध्याकाळी खेळ संपल्यावर बाई सरळ कट्ट्याकडं गेल्या. मी मागं मागं गेले. बाईंनी नमस्कार केला आणि फार आडवळण न घेता म्हणाल्या, भाऊ, थोडे दिवस तुम्ही येऊ नका.

दादा गोंधळले. "मी काय बोलतो का बाई? गप बसलेला असतो."

"बोलत न्हाई तुम्ही. उठता."

"मी?"

"पोरगी खांबाकडं निघाली की तुम्ही अर्धे उठता. ती तुम्हाला बघती आणि थांबती. रोज बघतीय मी."

दादांनी माझ्याकडं बघितलं. आपण उठतो हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. चेहऱ्यावरून दिसत होतं. त्यांनी कापसाचं पुडकं आणि डबी बाईंच्या हातात दिली, "मग हे तुमच्याकडं असू द्या" एवढंच म्हणाले आणि सायकल हातात धरून चालत घरी गेले. मला हायसं वाटलं आणि त्यांची दयाही आली.

दुसऱ्या दिवशी कट्टा मोकळा होता. मी मनाशी म्हटलं, आता बघा. खो मिळाला, सुसाट निघाले, बेबी वळली आणि मी पुन्हा थांबले. कट्ट्याकडं माझी नजर गेली होतीच. तिथं कोणी नव्हतं, तरी मला दादा उठताना दिसले. बाईंनी बेबीला पाठलागाच्या जागेवर घेतलं आणि मला बाहेर बसवलं. बेबीनं बेडकासारखा सूर मारला. ती माझ्या निम्म्यानंही पळत नव्हती, पण पडायला कचरत नव्हती.

घरी येऊन मी रडले. संघ जाणार हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि चौदा वर्षांच्या आयुष्यात मला मनापासून हवी असलेली ती पहिलीच गोष्ट होती. पेटी गेली असती तर मी साखर वाटली असती. आईनं माझं रडणं ऐकलं आणि जेवताना विषय काढला.

"अवं, पोर हाय ती, काचंचं भांडं न्हाई," ती म्हणाली. "मी काय कमी पडले? हात मोडला, वैदूनं बसवला, दुसऱ्या दिवशी परत झाडावर. पडली तर उठंल."

"तुला कुणी बघत न्हवतं म्हणून तू उठलीस," दादा म्हणाले.

"आन तुम्ही इतकं बघता म्हणून ती पडंना. सेलमच्या दुकानात वाढलीया व्हय ती?"

दादांचा घास हातात राहिला. आईनंही जीभ चावली. दादा ताटावरून उठले आणि ओसरीत जाऊन बसले. मी आईला विचारलं, दुकानात काय झालं होतं. ती म्हणाली, तुझ्या बापाला विचार, मला पण अर्धंच सांगितलंय.

रविवारी सकाळी मी एकटीच मैदानावर गेले. सराव नव्हता. म्हटलं, कोणी बघत नसताना एकदा पडून बघू. फाटक उघडंच होतं. खांबापाशी कोणीतरी उकिडवं बसलेलं दिसलं. आधी वाटलं शाळेचा शिपाई असेल. जवळ गेले तर दादा.

त्यांनी खांबाच्या भोवतालची माती टिकावानं हलकी करून घेतली होती आणि दुकानातल्या चाळणीनं ती चाळत होते. एका बाजूला पिठासारख्या मातीचा ढीग, दुसऱ्या बाजूला खड्यांचा. खड्यांत काचेचे तुकडे, फुटक्या बांगड्या, केसांचा एक गंजलेला चाप, कुठल्याशा चपलेचा खिळा. चाळणी त्यांच्या हातात अशी फिरत होती की बघत राहावं. दोन झटके, एक वळसा, पुन्हा दोन झटके. दुकानात ते रोज असाच केर चाळतात हे मी ऐकून होते, सोन्याचा कण वाया जाऊ नये म्हणून. सगळेच गलाईवाले चाळतात. मैदान चाळणारा मात्र मी तोवर पाहिला नव्हता.

"बाईंना विचारलंय," ते मान वर न करता म्हणाले. "त्यांची काय हरकत न्हाई."

मी त्यांच्या शेजारी बसले. विचारू की नको असं करत विचारलंच, "दादा, सेलमला काय झालं होतं?"

चाळणी थांबली नाही. मला वाटतं, ती थांबली असती तर त्यांना बोलता आलं नसतं.

"तुझ्यापरीस लहान होतो. मूस घेऊन निघालो होतो. मूस म्हणजे ती मातीची वाटी, तिच्यात सोनं वितळवतात. चिमट्यात धरलेली. उंबऱ्याला पाय अडकला आणि पडलो. सोनं सगळं जमिनीवर. बारीक बारीक मणी होऊन कुठं कुठं गेलं."

"मग?"

"मामा पळत आले. आधी जमीन बघितली. मग भट्टीच्या मागं बघितलं. मग फळीखाली. गिऱ्हाईक पुढ्यात बसलेलं, त्याचंच सोनं. मामांनी दार लावून घेतलं आणि माझ्या हातात चाळणी दिली. आम्ही दोघं केर चाळत बसलो. दुसऱ्या दिवशी पण. जवळजवळ सगळं सापडलं."

त्यांनी डाव्या पायातली चप्पल काढली. पावलावर तळहाताएवढा पांढरट डाग होता. तो मला लहानपणापासून माहीत होता. जन्मखूण असेल असं मी धरून चालले होते.

"माझा पाय भाजलाय, हे चहावाल्या अण्णानं बघितलं. त्यानं आरडाओरडा केला तवा मामांना कळलं. मग दवाखान्यात नेलं, सगळं केलं. मामा वाईट न्हवते गं. परक्या मुलखात दुकान, गिऱ्हाइकाचं सोनं सांडलेलं, त्यांनी तरी काय करायचं? मी पण सांगितलं न्हाई. मला वाटायचं, सोनं सापडूस्तवर आपण बोलायचं नसतं."

त्यांचा पाय मांडीवर घ्यावासा वाटला, पण आमच्याकडं असं कोणी करत नाही. मी खडे वेचायला लागले.

"तुझी आई म्हणती, पडू दे," दादा म्हणाले. "तिचं बरोबर आहे. माझ्यानं व्हत न्हाई. तू पळाया लागलीस की माझं अंग आपसूक उठतं, त्याला मी काय करू? म्हणून म्हटलं, पडणारच असशील तर खालची जमीन तरी आपण बघून घेऊ."

त्यांनी चाळलेली माती खांबाभोवती पसरली, हातानं सारखी केली आणि उठले. मग कपडे झटकून मैदानाकडं पाठ करून उभे राहिले, तोंड शाळेच्या भिंतीकडं.

"आता मार," ते भिंतीला म्हणाले. "मी बघत न्हाई."

मी लांब गेले. पळत आले. खांब जवळ आला तेव्हा माझी नजर सवयीनं बाजूला गेली आणि दादांची पाठ दिसली. ती उठणार नव्हती, कारण ती आधीच उभी होती. मी डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं. जमीन आली, तोंडात माती गेली, छातीतला श्वास हुक्क करून बाहेर पडला आणि मी घसरत खांबाच्या पलीकडे जाऊन पोचले.

"कोण पडलं?" दादांनी भिंतीकडं बघतच विचारलं.

"मी पडले," मी म्हटलं आणि मला हसू आवरेना.

"लागलं?"

"न्हाई."

त्यांचे खांदे खाली आले. तेही हसत होते की काय, मला दिसलं नाही. मी उठले आणि पुन्हा लांब गेले.

त्यानंतर रोज सकाळी दुकान उघडण्याआधी दादा मैदानावर जाऊन माती चाळायचे. संध्याकाळी कट्ट्यावर यायचे नाहीत. दोन्ही खांबांभोवती इतकी मऊ माती झाली की पोरी त्याला गादी म्हणायला लागल्या. सगळ्यात जास्त फायदा बेबी मानेनं उपटला, ती लोळायलाच तिथं यायची. घट बसायच्या आदल्या दिवशी मी बेबीला लागोपाठ बाद केलं आणि मुलाणी बाईंनी संघाच्या नावांत माझं नाव वाचलं. बेबी राखीव. ती रागावली नाही, माझ्या दादांना म्हणाली, "काका, जरा कमी चाळायचं होतं." दादांनी तिला आइस्क्रीम दिलं.

जिल्ह्याचे सामने सांगलीला होते. अंतिम सामना आम्ही जिंकला, हे आधीच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. आई-दादा दोघं आले होते. आई डबा उघडून पोरींना लाडू वाटत फिरत होती, जत्रेला आल्यासारखी. दादा मात्र आल्या आल्या मैदानात गेले, खांबापाशी वाकले आणि परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत मुरमाचे टोकदार खडे होते. त्यांच्या पिशवीतून चाळणीची कड बाहेर डोकावत होती. बाईंनी ती बघितली आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, भाऊ, हितं न्हाई चालायचं, परकं मैदान आहे. दादांनी खडे खिशात टाकले आणि पुढच्या ओळीत जाऊन बसले. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

शेवटच्या पाठलागात वेळ संपत आली होती आणि आम्हाला आणखी एक गडी हवा होता. समोर त्यांची सगळ्यात उंच पोरगी होती, दोन वेण्या वर बांधलेल्या. साऱ्या स्पर्धेत तिला खांबावर कोणी हात लावला नव्हता. मला खो मिळाला. मी निघाले तेव्हा कडेनं एकदम आरडाओरडा उसळला आणि मग मला काही ऐकू येईनासं झालं. ती खांबाकडं पळाली, मला एक झुकांडी दिली, वळली. खालचा मुरूम मला स्पष्ट दिसत होता. मी सूर मारला.

कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गेली. बोटांना काहीतरी लागलं, पण तो पाय होता की खांबाचा बुंधा, माझं मलाच कळलं नाही. तोंडातली माती थुंकून मी मान वर केली. पाटीतल्या पोरी, समोरच्या संघातल्या पोरी, मुलाणी बाई, लाडू हातात धरलेली आई, सगळं मैदान पंचांच्या हाताकडं बघत होतं.

दादा जागेवर बसून माझ्याकडं बघत होते.